तिसरा खड्डा

दीक्षा मॅडमनं मातीच्या पिशवीचं तोंड उघडलं, आत नाक घातलं आणि मान हलवली. "साफ आहे."

"मी काय म्हणत होतो?" पेट्रोल पंपाचे मालक खुर्चीत रेलले. "रोज सकाळी काठी टाकून टाक्यांचं माप घेतो आमी. लिटरभराची घट न्हाई. तांड्याच्या पाण्याला वास येतो, त्याला पंप काय करंल?"

लालसिंग डिझेलच्या मशीनपाशी उभा राहून ऐकत होता. वारंगा फाट्याजवळच्या या पंपावर त्याला बारा वर्षं झाली होती. आणि पंपामागच्या उतारावर, तीन वावरं ओलांडून, ज्या तांड्याच्या हातपंपाला रॉकेलसारखा वास मारायचा, त्याच तांड्यात त्याचं घर होतं. बायकांनी दोन उन्हाळे ओरड केली, तेव्हा कुठं अर्ज हिंगोलीला पोचला आणि भूजल खात्याची जीप आली. जीपमधून कुणी पोक्त साहेब उतरेल असं सगळ्यांना वाटलं होतं. उतरली ती पंचविशीतली ही दीक्षा मॅडम, दोन मजूर आणि जमिनीत फिरवायचं पुरुषभर उंच गिरमिट.

मालकांनी लालसिंगला आदल्या दिवशीच बाजूला घेतलं होतं. "तू तांड्याचा आहेस. पण खातोस कुठलं, ते ध्यानात ठेव."

पहिला खड्डा टाक्यांना लागून घेतला, तो साफ निघाला. दुसरा तिनं खाली, तांड्याच्या बाजूच्या तारेच्या कुंपणापाशी घ्यायला लावला. दर फुटाची माती वेगळ्या पिशवीत भरायची, पिशवी गच्च बांधून जीपच्या बॉनेटवर उन्हात ठेवायची, दहा मिनिटांनी उघडून हुंगायची. "माती तापली की पोटातलं ओकते," ती मजुरांना म्हणाली. मजूर थकले तेव्हा गिरमिटाच्या दांड्याला तिनं स्वतः हात लावला.

सात फुटांवर काळी माती संपून मुरूम लागला. निळसर, राखाडी. त्याची पिशवी उघडताच तिनं झटकन मान मागं घेतली आणि पिशवी मालकांपुढं धरली.

"ट्रकवाले सांडतात," मालक नाक न लावताच म्हणाले.

"वरून सांडलं असतं तर वरची माती नासली असती, शेठ. वरचे सहा फूट चांगले आहेत. हे जमिनीखालून वाहत आलंय. तुमच्या चालू टाक्यांतून आलं नाही, तेही खरं. मग कुठून?"

लालसिंगला वाटलं, आता ही आपल्याकडं वळणार. सकाळी ती आधी तांड्यातच गेली होती, त्याची बायको भिकाबाई हिच्याच हातचा चहा प्यायली होती. हा माणूस कोण, कुठला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एकवार दोघांची नजर भेटलीसुद्धा. पण तिनंच ती काढून घेतली आणि कुंपणापासून उताराच्या वरच्या अंगाला चालू लागली, खाली मान घालून, पावलागणिक जमीन बघत.

मे महिना होता. सगळ्या काळ्या रानाला विळा जाईल एवढाल्या भेगा पडल्या होत्या. पंक्चरच्या टपरीमागं मात्र ती थांबली. तिथल्या दहा-बारा फुटांत एकही भेग नव्हती. तिनं टाचेनं वरचा धुरळा उकरला. खाली लाल मुरूम, बाहेरून आणून भरलेला.

"इथं."

मालक खुर्चीतून उठले. "तिथं काही न्हाई. उगं मजुरांना तकलीफ."

चार फुटांवर गिरमिट ठण्णकन वाजलं. लोखंडावर लोखंड.

मालकांनी खड्ड्याकडं बघितलंच नाही. ते लालसिंगकडं बघत होते. "लाल्या, तूच सांगितलंस."

"यांना मी एक शब्द विचारलेला नाही," दीक्षा मॅडम शांतपणे म्हणाली. "सगळ्यांच्या देखत सांगते, मुद्दामच विचारला नाही."

तेव्हा लालसिंगच्या ध्यानात आलं. एका प्रश्नाचं काम होतं. त्या एका प्रश्नानं त्याची भाकरी गेली असती, म्हणून ही लेकराच्या वयाची पोरगी सकाळपासून उन्हात माती हुंगत फिरली होती.

त्यानं हातातला पाइप मशीनला अडकवला आणि तो खड्ड्यापाशी आला.

"ही जुनी डिझेलची टाकी, मॅडम. धा वर्षांमागं नव्या बसवल्या, तवा ही गळून राहिली होती. काढायला पाहिजे होती. काढली न्हाई, आतलं उपसलंबी न्हाई. वरून मुरूम लोटला. लोटायला मीच होतो."

टपरीवाल्यानं हवा भरणं थांबवलं. तिनं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"लालसिंगभाऊ, मला टाकी सापडली, तेवढं पुरे आहे. हातपंप आजच बंद करते, टँकरचंही आजच लिहिते. तुमचं नाव एकदा कागदावर आलं की मला खोडता येणार नाही. आधी घरी विचारून या."

"घरचेच तर ते पाणी पिऊन राहिले, मॅडम," लालसिंग म्हणाला. "लिहा. लालसिंग हिरा राठोड."