वाल्बुर्गाची मिसा

एकहार्ट प्रोटेस्टंट, वाल्बुर्गा कॅथलिक. मोझेल नदीकाठच्या त्या घरात दोन बायबलं होती आणि वाद लग्नाइतकाच जुना होता.

"मी गेले की माझ्या आत्म्यासाठी चर्चमध्ये प्रार्थनेची मिसा सांग," अंथरुणाला खिळलेली वाल्बुर्गा म्हणाली. "नाहीतर स्वर्गाच्या अलीकडे, शुद्धिस्थानातच ताटकळत राहीन."

"मेलेल्यांसाठी प्रार्थना करा, असं कुठे लिहिलंय?"

"मक्काबींच्या पुस्तकात."

"माझ्या बायबलात ते पुस्तकच नाही."

"तुमच्या लोकांनी गाळलं, म्हणून नाही. बायबलात काय असावं, हे चर्चनं ठरवायचं की तू, कॉफी पिता पिता?"

एकहार्ट हसला. त्याने तिची उशी सारखी केली, पण मिसेचं कबूल केलं नाही. न पटलेलं वचन त्याला देता येत नसे.

ती गेल्यानंतर काही दिवसांनी तो टोपी हातात धरून कॅथलिक पाद्रींच्या दारात उभा राहिला.

"वाल्बुर्गासाठी मिसा हवी होती."

पाद्री त्याला चांगलं ओळखून होते. "काय एकहार्ट, शेवटी पटवलंच म्हणायचं तिनं तुम्हाला?"

"छे हो. माणूस मेला की थेट देवापुढे. मध्ये थांबायला जागा आहे, असं कुठेही लिहिलेलं नाही." त्याने टोपीची कड चाचपली. मग म्हणाला, "पण ती तिथे थांबली असेल. जमलं तर या रविवारचीच द्या."