पहिला पेला फादरांचा

मांजर चुलीपुढून उठलं, अंग ताणलं आणि थेट फादर पॉलींच्या पायाशी येऊन बसलं. मान वर, नजर फादरांच्या हातातल्या पेल्यावर. लोनप्पन केक कापता कापता थांबला. नाताळच्या वाइनसाठी या मांजरानं आजवर शेपूटसुद्धा हलवली नव्हती.

माळ्यावर दोन बरण्या होत्या. एकीत त्याच्या बायकोची, त्रेसियाची वाइन: आवळे आणि गूळ, चाळीस दिवस. दुसरीत लोनप्पनचं कारल्याच्या वेलांवर फवारायचं टॉनिक: तारली मासे आणि गूळ, चाळीस दिवस. बरण्या सारख्या, रंग सारखा, वरची फडकीही सारखी.

"ती घाण माझ्या वाइनशेजारी ठेवू नका," त्रेसियानं तेव्हाच बजावलं होतं.

"अगं, मी काय आंधळा आहे?"

आंधळा नव्हता. पण बारा वर्षं ते टॉनिक करून करून नाक पार कामातून गेलं होतं, आणि आज वाइनची बाटली बरणीतून त्यानंच भरून आणली होती. फवारणीच्या दिवशी मांडवाखाली गावभरची मांजरं जमायची, आज सकाळी त्यानं फवारलं तेव्हा एकही फिरकलं नव्हतं. तेव्हाच कळायला हवं होतं त्याला!

घरात कुणी आधी चाखायची नाही, पहिला पेला फादरांचा, हा त्रेसियाचा नेम. फादर काय म्हणाले ते संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळायचं, कारण समोर नणंद बसलेली असायची, रोसिली. वीस वर्षं तिला वहिनीच्या वाइनमध्ये खोट सापडली नव्हती, म्हणून ती दर नाताळला न चुकता यायची.

"फादर, आधी जरा केक..." लोनप्पन कसाबसा म्हणाला.

"अहो, पिऊ द्या की त्यांना! मध्येमध्ये काय तुमचं?" त्रेसिया खेकसली.

फादरांनी पेला तोंडाला लावला. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली, मध्येच थांबली. डोळ्यांत पाणी तरारलं. पण पेला रिकामा झाला.

"कशी झालीय, फादर?" रोसिली पुढे सरकली.

फादरांनी रुमालानं ओठ टिपले. त्रेसियाकडे पाहिलं. ती श्वास रोखून उभी होती.

"त्रेसिया, खरं सांगतो. अशी वाइन मी जन्मात प्यायलो नाही."

त्रेसिया लाजून लाल झाली. रोसिलीनं लगेच आपला पेला पुढे केला. "मला पण घाल गं वहिनी. बघू तरी काय एवढं."

फादरांनी बाटलीवर हात ठेवला. "ही मी नेणार. कुणी हात लावायचा नाही."

"अख्खी?"

"अख्खी."

रोसिलीचं तोंड एवढंसं झालं. लोनप्पन फादरांना पोचवायला फाटकापर्यंत गेला. फादर थांबले आणि हळूच म्हणाले, "लोनप्पा, लिटरभर पाण्याला पाच मिली. बरोबर ना?"

लोनप्पननं मागे वळून घराकडे पाहिलं. "फादर, तुम्हाला कसं..."

"चर्चमागच्या केळी काय नुसत्या प्रार्थनेवर वाढतात? मीही हेच टॉनिक फवारतो, तिसरं वर्ष आहे माझं." त्यांनी ढेकर दाबला. "तू मला पेलाभर पाजलंस, तेही बिनपाण्याचं. आता मला घड लागला तर उतरवायला तूच यायचं. जा आता, रोसिली बसलीय, खरी बरणी काढ. आणि पुढच्या वर्षी आधी मांजराला हुंगायला दे."

बाटली झग्याआड धरून फादर निघाले. मागोमाग मांजर निघालं. शेजारच्या कुंपणावरून आणखी दोन उतरली, कोपऱ्यावर चौथं येऊन मिळालं.

त्रेसिया ओसरीवर आली होती. तिचे डोळे भरून आले.

"बघा हो," ती म्हणाली, "मुकी जनावरंसुद्धा मागे चाललीत. देवमाणूस!"