नदीपात्रातली खुर्ची

ऐक ना, आणि मध्ये एक अक्षर बोलू नकोस. चार वाजून वीस मिनिटं झाली होती आणि धरणाच्या कंट्रोल रूममध्ये मशीन चालवणारी ट्रेनी मुलगी एकटीच ड्युटीवर होती. समोरच्या स्क्रीनवर नदीचं कोरडं पात्र दिसत होतं आणि पात्राच्या बरोब्बर मधोमध, घडीची खुर्ची टाकून, तिचे बाबा बसले होते. डोक्यावर छत्री. छत्री धरायला वॉचमन. आणि वॉचमनला तिनेच पाठवलं होतं, त्यांना उठवायला!

पाचला मशीन सुरू करायचं होतं. संध्याकाळी शहरात सगळे एकदम दिवे लावतात ना, म्हणून पाचच्या ठोक्याला जलाशयाचं पाणी टर्बाइनवर सोडायचं. मग तेच पाणी धो धो करत त्या पात्रातून पुढे जाणार. म्हणून नियम एकदम कडक. तीन भोंगे वाजवायचे, मग कॅमेऱ्यात बघायचं. पात्रात माणूस सोड, शेळी जरी दिसली तरी बटणाला हात लावायचा नाही.

आता तू म्हणशील, बाबांना हे माहीत नव्हतं का? अगं, एकतीस वर्षं त्यांनीच ते मशीन चालवलं! अख्खं धरण त्यांना ‘तंतोतंत’ म्हणायचं. पाच म्हणजे पाच, वर एक सेकंद नाही. पण ज्या दिवशी रिटायर झाले, नेमकं त्याच दिवशी मशीन दुरुस्तीला खोललेलं. सगळे सुटे भाग जमिनीवर. शेवटचं बटण दाबायचं राहूनच गेलं. लोकांनी भाषणं केली, हातात भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घरी पाठवलं. तेव्हापासून घरात एकच रेकॉर्ड, “मला एकदाच दाबू दे.” आणि लेकीचं एकच उत्तर, “बाहेरच्या माणसाला आत घेता येत नाही, बाबा.” त्या दिवशी दुपारी जेवताना पुन्हा तेच झालं. “मी बाहेरचा?” म्हणाले, ताटावरून उठले, खुर्ची काखोटीला मारली आणि गेले.

तिने फोन लावला.

“बाबा, उठा तिथून.”

“मी बाहेरचा माणूस आहे. बाहेरच बसलोय.”

“माझं मशीन दोनदा उशिरा सुरू झालंय. आज तिसऱ्यांदा झालं ना, तर नोकरी पक्की होणार नाही. परत ट्रेनी!”

“मग दाबू दे. दहा सेकंदांचं काम. हा उठलोच मी.”

तिने पहिला भोंगा वाजवला. वॉचमन छत्रीसकट काठाकडे पळाला. बाबा तसेच. उलट कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. दुसरा भोंगा. बाबांनी पायावर पाय टाकला.

चार पस्तीसला ती हरली. कोणी बघितलं तर थेट घरी बसावं लागेल, हे माहीत असूनही म्हणाली, “या वर.”

एकशे बारा पायऱ्या आहेत तिथं. एरवी गुडघे धरून बसणारा माणूस, पण असा चढून आला की बघत राहावं. आत आले, बोट शर्टाला पुसलं, बटणावर ठेवलं. डोळे ओलेबिले. तिने तिसरा भोंगा वाजवला आणि दोघांनी स्क्रीनकडे बघितलं.

खुर्ची खालीच राहिली होती. आणि खुर्चीत आई बसली होती. मांडीवर वाटाण्याच्या शेंगा.

“पात्रात माणूस!” बाबा सवयीनं ओरडले आणि चटका बसल्यासारखं बोट मागे घेतलं. मग लेकीच्या हातातून फोन हिसकावलाच आणि आईला लावला.

“अगं, तू काय करतेयस तिथं?”

“वाटाणे सोलतेय.”

“तिन्ही भोंगे झालेत!”

“ऐकले. एकतीस वर्षं ऐकतेय.”

“अगं ऊठ! नऊ मिनिटं राहिलीत. पोरीची नोकरी जाईल!”

“अहो, दुपारपासून मी दुसरं काय सांगतेय?”

झालं. बाबांनी फोन लेकीच्या हातात परत दिला. मग त्यांनी हात खिशात घातला, “तूच दाब गं” म्हणाले आणि बाहेर गेले. दार मागे बंद झालं. ते दार फक्त आतूनच उघडतं.

“आई, बाबा बाहेर गेले,” तिने सांगितलं. आईने शेंगा पदरात घेतल्या, खुर्ची मिटली आणि काही घाई नसल्यासारखी काठ चढून गेली. चार अठ्ठावन्न. पात्र रिकामं. तिने स्क्रीन दोनदा तपासला.

तेवढ्यात मोबाइल वाजला. आईचा मेसेज.

“मी घरी निघाले. चष्मा काढून ठेवलाय. आता मला धरणातलं काही दिसत नाही.”

तिने मान वर केली. दाराच्या काचेला बाबांचं नाक चपटं झालेलं. ते तिच्याकडे बघतही नव्हते, आतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते आणि ओठांतल्या ओठांत सेकंद मोजत होते. चाळीस. एकोणचाळीस. तिच्या डाव्या हाताला दाराची कडी, उजव्या हाताला बटण.

आता बोल. तू काय केलं असतंस?