आतल्या थरावरची ओळ

"काका, हे काय छापलंय?"

धाकट्या मालकांनी पॅनल टेबलावर आपटलं. प्रयोगशाळेतल्या उबवणी यंत्राचं आठ बटणांचं पॅनल, एका कोपऱ्यात सोललेलं. वरची रंगीत फिल्म उचकटली की खाली पारदर्शक थर लागतो आणि त्यावर चांदीच्या शाईनं छापलेल्या बारीक रेषा. त्या रेषांच्या शेजारी, त्याच शाईत, तिळाएवढ्या अक्षरांत एक ओळ होती : बारक्या, आई वाट बघते.

ड्रॉइंगवाले काका उभेच होते. पंचवीस वर्षं ते यंत्रांची पॅनलं आखत आले होते. लहानपणी त्यांच्याच मांडीवर बसून कागदांवर रेघोट्या मारणारं पोरगं आज त्यांना 'बसा' म्हणत नव्हतं.

"प्रयोगशाळेचं पत्र आलंय. कुणी हात न लावता 'थांबा' बटण दाबलं जातं. यंत्र मधेच बंद. तीन आठवड्यांचे नमुने कचऱ्यात. का, ते तुम्हीच सांगा."

सांगायचं काय त्यात? चांदीची शाई दमट हवेत सरकते. केसाकेसानं शेजारच्या रेषेकडे जाते आणि एक दिवस चिकटते; यंत्राला वाटतं, बटण दाबलं. उबवणी यंत्र म्हणजे तर दमटपणाचं माहेरघर. म्हणून मधे मिलिमीटरभर जागा सोडायची. काका प्रत्येक पॅनलवर ती सोडत आले होते. या खेपेला गिऱ्हाइकानं आकड्यांची खिडकी मोठी करून मागितली आणि जागा आक्रसली. ओळ काढून टाकायला हवी होती. त्यांनी ती 'थांबा'च्या रेषेला खेटून बसवली.

"किती पॅनलांवर आहे हे?"

"सगळ्या."

"सगळ्या म्हणजे?"

"अकरा वर्षांतल्या."

मालकांनी छपाईवाल्या मावशींकडे पाहिलं. मावशींचा जाळीवर शाई ओढणारा हात थांबला नाही. "माझ्याकडे काय बघता? मी छापते. वाचायचा पगार वेगळा पडेल."

बारक्या म्हणजे काकांचा धाकटा भाऊ. इथेच जोडणीला होता. आईचं कानाचं यंत्र दुरुस्त करतो म्हणून त्यानं उघडलं आणि कायमचं मुकं करून ठेवलं. काकांनी सगळ्या कारखान्यासमोर त्याच्या कानफटात लगावली, वर "पुन्हा तोंड दाखवू नकोस" म्हणाले. थोरल्या भावांना हा अधिकार कोण देतं, कुणास ठाऊक. बारक्यानं तोंड दाखवलं नाही. पुढे कानावर आलं, तो गावोगाव प्रयोगशाळांची यंत्रं दुरुस्त करत हिंडतो. पत्ता नाही, नंबर नाही. पण बिघडलेलं पॅनल सोलून आत डोकावतो तो दुरुस्तीवालाच. म्हणून ती ओळ.

"काका." मालकांचा आवाज उतरला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "तुमची आई जाऊन दोन वर्षं झाली. मी आलो होतो पोचवायला. मग हे खोटं अजून कशाला छापता?"

"बदलायचं राहून गेलं."

"आज सगळ्या ड्रॉइंगमधून काढा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

काका संगणकासमोर बसले. पाण्याचा खारटपणा मोजणारं यंत्र, ओळ पुसली. रक्ताच्या नळ्या फिरवणारं यंत्र, पुसली. तारा ताणून तोडून बघणारं यंत्र, तिथलीही पुसली. कुठलं पॅनल कुठल्या शहरात गेलं ते त्यांना तोंडपाठ होतं. प्रत्येक शहरात त्यांनी मनातल्या मनात एक टेबल मांडलं होतं, आणि त्या टेबलावर वाकलेली एक मान. एकेक ओळ जात होती, तसतशी एकेक मान उठून दिवा मालवून जात होती.

दुपारपर्यंत एकच फाइल उरली, उबवणी यंत्राची. तिथली ओळ पुसण्याआधी बिघाडाचा अहवाल लिहायचा होता. त्यासाठी पॅनल पूर्ण उघडायला हवं. मालकांनी नुसता कोपरा ओरबाडला होता. काकांनी कडेला गरम हवा दिली, नखानं थर उचलला आणि त्यांचा हात थबकला.

थर आधीच कुणीतरी उघडला होता. उघडून परत जसाच्या तसा बसवला होता. बटणांखालच्या पोलादी टिकल्यांपैकी एकही जागची हलली नव्हती. घाईनं ओढलं तर त्या टुणकन उडून जातात. आधी ऊब द्यायची, मग तिरपं ओढायचं, श्वास रोखून. ही रीत काकांनी जन्मात एकालाच शिकवली होती.

त्यांनी थर खिडकीच्या उजेडात धरला. ओळ आणि 'थांबा'ची रेष यांच्यामध्ये सरकून आलेली चांदी पात्यानं अलगद खरवडली होती. एकाही अक्षराला धक्का नव्हता. काकांनी मीटर लावून पाहिला. बटण ठणठणीत. पॅनल दुरुस्त झालं होतं. ते परत पाठवायची काही गरजच नव्हती. तरी कुणीतरी पाठवलं होतं.

"मावशी, जरा भिंग द्या."

"काय झालं? रडताय की काय?"

"भिंग द्या हो."

मालकांनी न सोललेल्या बाजूला चांदीचा एक रुंद पट्टा होता. त्यावर सुईच्या टोकानं कोरलेली अक्षरं. भिंग लावल्यावर ती वाचता आली.

आणि तू, दादा?