पायवाटांचा लेयर

‘ऊस वाढला डोईवर, वाट दिसंना गं बाई
पायाला ठावं हाय, डोळ्याला ठावं न्हाई...’

कोरेगावकडच्या रानात भारा डोक्यावर घेऊन चालताना आई हे गुणगुणायची. आज सांगलीच्या ऑफिसात, भर दुपारी, मायाला तो आवाज अचानक कानाशी आला. तिच्या टेबलासमोर ज्ञानू आण्णा उभे होते.

फौजेतून रिटायर झालेले ज्ञानू आण्णा आष्ट्याच्या अलीकडच्या एका वस्तीवरून आले होते. वस्तीतून स्मशानात जाणारी पायवाट गावचे बडे बागायतदार मानसिंगरावांनी नांगरून टाकली होती आणि तिच्यावर उसाची लागण केली होती. उद्या ग्रामसभेत गावाचा नवा नकाशा मंजूर व्हायचा होता. त्या नकाशात वाट नव्हती, आणि नकाशा या ऑफिसनं ड्रोनच्या फोटोंवरून काढला होता.

ऑफिसचे मालक वीरधवल सर खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी मायाला फाईल उघडायला लावली आणि स्क्रीन आण्णांकडे वळवायला सांगितला. घरं दिसली, विहिरी दिसल्या, कालव्याची निळी रेघ दिसली. स्मशानाचा चौकोनही दिसला. त्याच्याकडे जाणारं मात्र काहीच नव्हतं. ड्रोन वरनं बघतं, सर म्हणाले, त्याला कुणाची जात कळत नाही की भावकी कळत नाही. वाट असती तर आली असती.

“मंग परवा माझ्या भावाला कुठनं न्हेला, तेबी त्या ड्रोनला इचारा, सायब,” आण्णा सावकाश बोलले. “कालव्यातनं न्हेला. पाणी छातीला. तिरडी वर धरलेली, आन् खाली पोरांच्या नाकातोंडात पाणी. मानसिंगराव बांधावर हुबं हुतं. म्हनलं, ऊस तुडवू नगा.”

सरांनी वाईट वाटल्याचं सांगितलं. पण मशीन खोटं बोलत नाही, असंही सांगितलं. मग चहा घेणार का विचारलं. आण्णांनी मान हलवून नको म्हटलं.

मायाला खरं ठाऊक होतं. ड्रोन उडालं तेव्हा वाट नांगरली नव्हती. फोटोत ती पांढुरकी, वळणावळणानं गेलेली स्वच्छ दिसत होती. मायानंच ती प्रत्येक वळणाशी थांबत काढली होती आणि पायवाटांचा वेगळा लेयर, म्हणजे नकाशातला एक स्वतंत्र थर, केला होता. मग एकदा सरांना मानसिंगरावांचा फोन आला, आणि ते तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. पायवाटांचा डोळा बंद कर आणि मग प्रिंट काढ, म्हणाले. या ऑफिसात असंच चालायचं. पुसायचं काही नाही. लेयरच्या नावाशेजारी एक बारका डोळा असतो. तो मिटला की लेयर स्क्रीनवरून जातो आणि कागदावरूनही जातो. पुढं कुणी विचारलंच, तर नजरचूक म्हणता येते.

आण्णा दाराकडे वळले. वाकून चपला शोधू लागले. सर मायाकडे बघून हसले, आणि आण्णांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, “ह्यांना मेल्यावरबी रस्ता पायजे.”

चपलेवरचा आण्णांचा हात थांबला. ते तसेच वाकलेले राहिले.

मायानं कॉम्प्युटरला टाईप करून हुकूम द्यायची काळी खिडकी उघडली. फाईलीत कोणकोणते लेयर आहेत, एवढंच सांगणारं एक साधं टूल तिच्याकडे होतं. त्याला चित्र काढता येत नाही, रंग कळत नाहीत, कुणी मिटलेला डोळाही कळत नाही. फाईलीच्या पोटात जे जे आहे त्याचं नाव ते एकाखाली एक लिहून मोकळं होतं. तिनं फाईलीचं नाव टाकलं आणि बटण असं हाणलं की सरांनी दचकून वर पाहिलं.

घरे. विहिरी. कालवा. स्मशान. पायवाटा.

सर उठले. टेबलाला वळसा घालून आले, स्क्रीन वाचला. मग आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, उद्यापासून कामावर यायचं हाय नव्हं?

माया उभी राहिली. स्क्रीन तिनं दाराच्या बाजूला आणखी वळवला.

“आण्णा, माघारी या,” ती म्हणाली. तिनं आवाज खाली आणला नाही. “उद्या सभेत मला हुबी करा. वाट हाय. ह्या हातानं काढलीया मी ती. ह्यांनी ती झाकाय लावली, आन् मी झाकली.”