राजा वर, घोडा खाली

पुढची बाजू

"हे नाही," अनेस्तिस म्हणाला आणि त्याने भिंग खाली ठेवलं. "तरी द्या. घेतो."

"ते नाही, तर घेता कशाला?" एव्दोकियाने विचारलं.

"बिचारं सुरीचा घाव खाऊन आलंय. परत कुठे पाठवू?"

शेजारच्या टेबलावरून फोतिस ओरडला, "एव्दोकिया, आमच्या धडधाकट नाण्यांनी काय पाप केलंय गं? या माणसाला सगळी जखमीच लागतात! घर आहे की दवाखाना?"

थेसालोनिकीच्या बंदरामागे, त्या कॉफीघरात रविवारी सकाळी नाणेवाल्यांची टेबलं लागत. अनेस्तिस रविवार चुकवत नसे. त्याला एकच नाणं हवं होतं. वीस द्राख्मांचं, चांदीचं. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेली चंद्रदेवी. तशी ढिगाने मिळतात. पण त्याच्या नाण्यावर, घोड्याच्या मानेवर, सुरीचा घाव होता.

घाव आईचा. बाप जर्मनीला कारखान्यात गेला होता. नववर्षाचा केक भट्टीत जरा जास्तच राहिला आणि दगडासारखा झाला. आईने मटण तोडायची सुरी घेतली. पहिला तुकडा ख्रिस्ताचा, मग घराचा, मग परदेशी गेलेल्याचा, मग मुलाचा. बापाचा आणि मुलाचा तुकडा वेगळा करताना सुरी अडली. आईने दोन्ही हातांनी भार दिला. ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचं वर्ष भाग्याचं, म्हणून केकच्या आत दडवलेलं नाणं दोघांच्या मधोमध निघालं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे.

"दोघांचं आहे," आई म्हणाली. "तो आला की ठरवू."

तो आला नाही. एका हिवाळ्यात नाणं पाववाल्याकडे गेलं.

"डबीतलं घ्या की एखादं," फोतिसने पुन्हा टोचलं. "परदेशात पारखलेलं, दर्जा लावलेलं, प्लास्टिकमध्ये कायमचं बंद. ना धूळ, ना भांडण."

"आणि ना बोट लागत. काचेआडून मुका घ्यायचं माझं वय नाही."

"तुमचं वय काचेआडून बघण्याचंच आहे!"

एव्दोकियाच्या टेबलावर तसली एकच डबी होती, राजाची बाजू वर. अनेस्तिसने नेहमीसारखा आपला कॉफीचा कप तिच्यावर ठेवला.

"एवढा तरी उपयोग," तो म्हणाला.

मागची बाजू

त्या डबीत त्याचं नाणं होतं.

एका मेलेल्या शाळामास्तरांच्या पत्र्याच्या डब्यातून ते तिच्याकडे आलं. घोड्याची मान बघताच तिने ओळखलं. तेव्हा बुधवार होता. रविवारपर्यंत तिला हे कळून चुकलं होतं, की नाणं मिळालं की माणूस यायचा थांबेल. नवरा गेल्यावर हे टेबल तिच्याकडे आलं होतं. समोरच्या खुर्चीवर बसणारा आणि तिची कॉफी थंड झालेली ज्याच्या लक्षात येते, असा हा एकच माणूस होता.

बंद डबीत तो कधीच बघत नाही, एवढं तिला ठाऊक होतं. तिने नाणं दर्जा लावायला पाठवलं. ते डबीत बंद होऊन परत आलं, वर चिठ्ठी: अस्सल, परंतु इजा झालेलं, दर्जा देता येत नाही. त्या ओळीवर तिने किमतीचा कागद चिकटवला. किंमत अशी, की कोणी दुसऱ्यांदा विचारू नये.

घरी लपवलं असतं तर ती चोरी झाली असती. हे तर विकायला ठेवलं होतं. त्याने मागायचं, एवढंच बाकी.

आणि त्याला रिकाम्या हाताने जावं लागू नये, म्हणून दर शनिवारी ती वीस द्राख्मांचं एखादं साधं नाणं पाटावर ठेवून सुरी हाणायची. कधी शेपटीवर, कधी पायावर. मानेवर कधीच नाही.

आज नववर्षाआधीचा शेवटचा रविवार होता.

"यंदा केक करताय?" अनेस्तिसने विचारलं.

"एकटीसाठी? तुम्ही?"

"छे. एक तुकडा ख्रिस्ताचा, एक घराचा. मग सुरी हातात धरून बघायचं कुणाकडे?"

तो हसला, पण हसू अर्ध्यातच मिटलं. त्याने नवं नाणं तळहातावर घेतलं होतं आणि अंगठा त्याच्यावरून फिरत होता, हळूहळू, अंधारात घराची कडी चाचपावी तसा. एव्दोकियाला ते बघवेना. या माणसाचा बाप, आई, तो सगळा केक त्याच्या कपाखाली आहे आणि आपण त्याला शेपटीवरचे घाव विकतोय.

"कॉफी आणते," ती उठली. होता नव्हता तो सगळा धीर गोळा करून म्हणाली, "आणि मग एक दाखवायचंय तुम्हाला."

अनेस्तिसचा अंगठा थांबला.

"घाई नाही," तो म्हणाला. "कधीही दाखवा."

कड

ती काउंटरकडे गेली. तिच्या रिकाम्या खुर्चीमागे एक तरुण येऊन उभा राहिला. महागडा कोट, अथेन्सचा तोरा.

"त्या कपाखालची डबी बघू? मी फक्त दर्जा लावलेलीच घेतो."

"ती विकायची नाही," अनेस्तिस म्हणाला.

"किंमत तर लावलीय."

"चुकून लावलीय."

"दुकान तुमचं आहे का, आजोबा?"

उत्तराची वाट न पाहता त्याने कप बाजूला सरकवला आणि डबी उचलून उलटी केली. कपाळाला आठी पडली.

"अरे! एवढ्या पैशांत हे? याला तर—"

"घोड्याच्या मानेवर घाव आहे. ठाऊक आहे." अनेस्तिसने डबीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याचे डोळे काउंटरवर होते. तिथे एव्दोकिया दोन कप सांभाळत वळत होती. "ठेवा होतं तिथे. राजा वर, घोडा खाली. आणि माझा कप त्याच्यावर. लवकर करा, बाळा, ती येतेय."