झेलियाची हजेरी

ब्रागा शहरातल्या प्रशिक्षण संस्थेत झेलिया वृद्धसेवेचा अभ्यासक्रम शिकत होती. प्रमाणपत्र हाती आलं की नोकरी पक्की. पण युरोपचं शिक्षणधोरण ठरवणाऱ्यांपुढे बोलायला संचालिकाबाई दर महिन्याला तिलाच ब्रुसेल्सला न्यायच्या.

"मॅडम, माझे तास बुडतायत हो," मांडीवरच्या लेकीला थोपटत ती विमानात चुळबुळायची.

"भरून निघतील गं. तू बोललीस की सगळे कसे गप्प होऊन ऐकतात."

कुणाचंही शिक्षण अर्धवट सुटू नये, हे तिने चौथ्यांदा सांगितलं आणि परतली, तर हजेरी कमी म्हणून तिचं नावच कमी केलेलं. ती तडक बाईंच्या खोलीत शिरली.

 

"बरी आलीस. पुढच्या महिन्यात शिक्षण अर्धवट सुटलेल्यांची बाजू मांडायचीय. आता तुझ्याइतकं योग्य कोण?"